लेकरासह उघड्या छताची जुनी गाडी घेताना : मराठवाड्यातील नव्या खरेदीदारांसाठी

जुनी कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडता-मिटता येणारी मोटार, घेण्याचा विचार घरात बोलून दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘आणि लेकराला कुठं बसवणार?’ आमच्या लातूरच्या घरात तो सासूबाईंनी विचारला होता. त्या वेळी तो आम्हाला मोडता घालणारा वाटला. पुढे सात-आठ महिने पुण्यापासून हैदराबादपर्यंत गाड्या पाहत फिरलो, तेव्हा मात्र जवळजवळ प्रत्येक निर्णय याच प्रश्नाने सोपा केला. इंजिन किती अश्वशक्तीचे, छत किती सेकंदांत उघडते, रंग कोणता, हे सारे त्याच्या नंतर येते. म्हणून या लेखातील पायऱ्यांचा क्रमही तसाच आहे : आधी मूल, मग आपला रस्ता, मग छत, मग यंत्र आणि कागद, आणि शेवटी पैसा. घरात एक-दोन लहान मुले असलेल्या, आजवर साधी हॅचबॅक किंवा सेदान वापरलेल्या आणि मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी कोठे तरी राहणाऱ्या जोडप्यांसाठी तो लिहिला आहे.

सुरुवातीलाच एक अट सांगते. घरातील एकुलती एक गाडी म्हणून कन्व्हर्टिबल घेऊ नये. रात्री-अपरात्री दवाखान्यात जाणे, सासू-सासऱ्यांना लग्नकार्याला नेणे, गावाकडून धान्याची पोती आणणे या गरजा घरात असतातच, आणि त्या भागवण्यासाठी जुनी साधी गाडी दारात उभी राहिली पाहिजे. ती विकून येणारे पैसे कन्व्हर्टिबलमध्ये घालण्याचा हिशेब असेल, तर खरेदी वर्ष-दोन वर्षे पुढे ढकलणे बरे.

पहिली पायरी : आसने मोजणे

भारतात अधिकृतपणे विकल्या गेलेल्या आणि आज जुन्या बाजारात दिसणाऱ्या कन्व्हर्टिबल गाड्यांचे मुलांच्या दृष्टीने दोन गट पडतात. मर्सिडीजची एसएलके आणि तिचेच नंतरचे नाव एसएलसी, बीएमडब्ल्यूची झेड-४, पोर्शची बॉक्स्टर या दोन आसनांच्या गाड्या आहेत. त्यांच्या आरसीवर आसनक्षमता ‘२’ अशीच नोंदलेली असते. आई-वडील पुढे आणि मूल आईच्या मांडीवर, अशी तडजोड अनेक जण मनातल्या मनात करून ठेवतात. ती बेकायदेशीर तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे जीवघेणी आहे, कारण पुढची एअरबॅग प्रौढ माणसाच्या छातीसाठी बेतलेली असते आणि ती उघडते तेव्हा मांडीवरचे मूल नेमके तिच्या तोंडाशी असते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला सीटबेल्टने किंवा बालआसनात बांधलेले नसेल तर १,००० रुपये दंड आहे. दंडाचा आकडा लहान आहे, म्हणून गोष्ट लहान समजू नये.

दुसरा गट चार आसनांचा. त्यात २०१६ साली आलेली नव्या पिढीची मिनी कूपर कन्व्हर्टिबल, २०१४ च्या अखेरीस आलेली ऑडी ए-३ कॅब्रिओले (कॅब्रिओले हे कन्व्हर्टिबलचेच दुसरे नाव), आणि खर्चाची तयारी अधिक असेल तर मर्सिडीजच्या सी आणि ई वर्गातील कॅब्रिओले येतात. स्पोर्ट्स कारच्या काटेकोर व्याख्येत ए-३ ला बसवायला जाणकार मंडळी तयार होणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही मूल शाळेच्या पहिल्या दोन-तीन इयत्तांत जाईपर्यंत कुटुंबाने याच गटात राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नवरा-बायकोलाच अधूनमधून फिरायचे असेल आणि त्या वेळी मुलाला सांभाळायला आजी-आजोबा घरात असतील, तर दोन आसनांच्या गाडीचा विचार जरूर करावा, मात्र तेवढ्याच वापरापुरता.

ज्यांचे गाव मुख्य रस्त्यापासून आत आहे, त्यांनी २०२० साली आलेल्या महिंद्रा थारची कापडी छताची आवृत्तीही पाहून ठेवावी. ती स्पोर्ट्स कार नव्हे आणि तिचे छत हाताने काढावे लागते. पण तिची मागची आसने पुढे तोंड केलेली आहेत ना एवढे पाहून घेतले, तर उघड्या आकाशाखाली फिरण्याची हौस ती निम्म्याहून कमी काळजीत पुरवते. त्या थारला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-सुरक्षा चाचणीत प्रौढ आणि बालक या दोन्ही सुरक्षांसाठी ४ तारे मिळाले होते.

दुसरी पायरी : बालआसन सोबत नेणे

गाडी पाहायला जाताना मूल आणि बालआसन दोन्ही बरोबर न्यावे. फोटोवरून किंवा मापांवरून हा अंदाज येत नाही. आधी मागच्या आसनाच्या फटीत बोटे घालून आयसोफिक्सच्या, म्हणजे बालआसन अडकवण्याच्या, लोखंडी कड्या चाचपून पाहाव्यात आणि बालआसन त्यांत ‘खट्’ असा आवाज होईपर्यंत बसवावे. बाळ लहान असेल आणि आसन मागे तोंड करून बसवायचे असेल, तर त्याच्या पुढचे आसन किती सरकवावे लागते आणि त्यानंतर तिथे मोठ्या माणसाचे गुडघे मावतात का, हे प्रत्यक्ष बसून ठरवावे. मिनीमध्ये आम्ही हा प्रयोग केला, तेव्हा माझे गुडघे डॅशबोर्डला टेकले आणि मिनीचा विषय तिथेच संपला.

यानंतर छत बंद करून मुलाला आत ठेवून पाहावे. या गाड्यांना दोनच दारे असतात. पुढचे आसन झुकवायचे, कंबरेत वाकून दहा-बारा किलोचे मूल दोन्ही हातांवर आत न्यायचे आणि वाकलेल्या अवस्थेतच पट्टे लावायचे, हे काम दिवसातून चार वेळा केले तर पाठीत उसण भरल्याशिवाय राहत नाही. छत उघडे असताना हेच काम उभ्याने, सहज होते. त्यामुळे आम्ही आता मुलाला बसवायच्या आधी छत उघडतो, त्याला बांधतो आणि मग छत मिटवतो. ही सवय विक्रेत्याच्या दारातच लावून पाहिली तर छताची एक चाचणीही आपोआप होते.

पुढच्या आसनावर मागे तोंड केलेले बालआसन चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये. तशी वेळ येणारच असेल, तर प्रवाशाकडची एअरबॅग किल्लीने बंद करण्याची सोय त्या विशिष्ट गाडीत आहे का, ते पाहावे.

डिकीचेही असेच आहे. छत मिटून डिकीत जाते, म्हणून छत उघडे असताना जागा कमी होते. मिनीत ती २१५ लिटरवरून १६० वर येते. ए-३ मध्ये ३२० वरून २७५ वर. धातूचे दुमडते छत असलेल्या जुन्या झेड-४ मध्ये, म्हणजे २००९ ते २०१६ च्या गाडीत, ३१० वरून थेट १८० वर. आकडे वाचून समाधान मानू नये. घडी घातलेली बाबागाडी डिकीत ठेवून छत उघडते का, ते पाहावे.

वाऱ्याचा जाळीदार आडोसा हा आणखी एक मुद्दा विक्रेते सहसा सांगत नाहीत. चार आसनी कन्व्हर्टिबलमध्ये वारा अडवणारी ही जाळी मागच्या आसनांवर आडवी बसते. ती लावली की मागे कोणी बसूच शकत नाही. म्हणजे मूल मागे असेल त्या प्रत्येक प्रवासात वारा पूर्ण जोराने त्याच्या तोंडावर येणार. आमच्या अनुभवात ताशी ६०-७० किलोमीटरच्या पुढे मुलाला आवाजाचा त्रास होऊ लागतो आणि ते डोळे चोळू लागते. त्या वेगापुढे आम्ही छत बंदच ठेवतो.

तिसरी पायरी : आपला रस्ता आणि आपले ऊन

पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर चाललेली गाडी मराठवाड्यात आणताना चार गोष्टी बदलतात.

पहिली गोष्ट गतिरोधकांची. जिल्हा मार्गांवर गावोगावी लोकांनी आपापल्या मापाने बांधलेले गतिरोधक असतात आणि या गाड्यांचे पोट जमिनीपासून फार उंच नसते. ज्या रस्त्याने तुम्ही दर आठवड्याला जाता, तोच सर्वांत वाईट गतिरोधक डोळ्यांसमोर आणावा आणि चाचणीच्या वेळी तसाच एखादा शोधून चार माणसांसह गाडी तिरपी काढून पाहावी. खालून घासल्याचा आवाज आला तर तो रोज येणार आहे. आधीच्या मालकाच्या काळात काय झाले, हे गाडीखाली वाकून पाहिल्यावर कळते. इंजिनखालच्या प्लॅस्टिकच्या आवरणावर ओरखडे, तुटलेले कोपरे किंवा तारेने बांधलेले तुकडे असतील तर वर ऑइलच्या चेंबरपर्यंत नजर न्यावी.

दुसरी गोष्ट टायरची. बीएमडब्ल्यू आणि मिनीच्या बऱ्याच गाड्या रनफ्लॅट टायरवर येतात आणि त्यांत स्टेपनी नसते. पंक्चर झाले तरी कमी वेगाने काही अंतर जाता येते, हे खरे. पण मांजरसुंब्याच्या घाटात किंवा परभणी-जिंतूर रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता त्या मापाचा टायर कोणत्याही दुकानात मिळत नाही. गाडी घेण्याआधी त्या मापाचा टायर आपल्या शहरात किती दिवसांत येतो, ते दुकानदाराला विचारावे. टायरच्या कडेवरील चार आकडी संख्याही वाचावी : ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. जुन्या कन्व्हर्टिबल कमी चालतात, म्हणून नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र वाळलेले असते. असे टायर मे महिन्यात समृद्धी महामार्गावर, ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेने, मुलाला मागे बसवून चालवणे म्हणजे विषाची परीक्षा घेणे आहे. खरेदीच्या दिवशी टायर सहा वर्षांपेक्षा जुने असतील तर चारही बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.

तिसरी गोष्ट सर्व्हिसचे अंतर. या महागड्या गाड्यांची मराठवाड्यातली अधिकृत सर्व्हिस केंद्रे असलीच तर छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला. लातूर किंवा नांदेडहून ते अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास पडते, त्यामुळे लातूरकरांना सोलापूर-पुणे आणि नांदेडकरांना हैदराबाद अधिक सोयीचे वाटते. या बाबतीत ऑडीचा एक वेगळा फायदा आहे. संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात ऑडीच्या अनेक गाड्यांची जुळणी झाली आहे आणि त्यांत ए-३ सेदानही होती. कॅब्रिओले परदेशातून पूर्ण तयार होऊन येत असे. तरी तिचे बरेचसे यंत्र सेदानच्या जातकुळीतले असल्याने त्या भागात ते उघडून पाहिलेले हात सापडतात. छताचे सुटे भाग मात्र बाहेरूनच मागवावे लागतात. महागड्या गाड्या मराठवाड्याला नव्या नाहीत, २०१० साली संभाजीनगरच्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज एकदम घेतल्याची बातमी देशभर गाजली होती. पण उघड्या छताच्या गाड्या इतक्या थोड्या आहेत, की त्यांचे छत दुरुस्त केलेला कारागीर शोधणे हेच खरे काम असते. तो सापडल्यावरच गाडी शोधावी.

चौथी गोष्ट ऊन आणि धूळ. मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत छत उघडण्याजोगा वेळ सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी साडेसहानंतरचा. ऑक्टोबरमध्ये लातूर-धाराशिवच्या बाजूला रस्त्याकडेने सोयाबीनची मळणी सुरू असते आणि तिचा भुसा थेट आसनांवर, मुलाच्या डोळ्यांत येतो. त्यानंतर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात; मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीचा भरवसा नाही, म्हणून त्या काळात आम्ही अंधार पडल्यावर गावाबाहेर ही गाडी नेतच नाही. उरलेले दिवस, विशेषतः नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी, खुलताबादवरून म्हैसमाळकडे चढणारा रस्ता आणि मागे आकाशाकडे बोट दाखवत बसलेले लेकरू, एवढ्यासाठी ही गाडी घ्यायची असते. वर्षाकाठी असे दिवस आपल्या वाट्याला किती येतील, ते कॅलेंडर समोर घेऊन मोजावे.

चौथी पायरी : छताची परीक्षा

या गाडीत छत हाच सर्वांत गुंतागुंतीचा आणि बिघडल्यास सर्वांत महाग पडणारा भाग आहे. इंजिन आपल्या गावचा मेकॅनिक कसेबसे उघडेल; छताला मात्र पंप, नळ्या, कड्या आणि जागोजागचे लहान सेन्सर असतात, त्यांपैकी एकाने जरी ‘मी जागेवर आलो’ असा निरोप दिला नाही तर छत अर्ध्यातच थांबते.

पाहणीसाठी सकाळची वेळ घ्यावी आणि गाडी आधीपासून सुरू करून ठेवू नका, असे विक्रेत्याला सांगावे. इंजिन सुरू करून छत सलग तीन वेळा उघडावे व मिटवावे. पहिल्यांदा फक्त कान द्यावा : पंपाचा एकसारखा गुणगुण आवाज ठीक, मध्येच धापा टाकल्यासारखा आवाज ठीक नाही. दुसऱ्यांदा घड्याळ लावावे. ए-३ आणि नवी मिनी या दोन्हींचे छत सुमारे १८ सेकंदांत उघडते, असे कंपन्यांनी सांगितलेले आहे. पंचवीस-तीस सेकंद लागत असतील तर कारण विचारावे. तिसऱ्यांदा गाडीच्या मागे उभे राहून दोन्ही बाजू एकाच वेळी हलतात का, ते पाहावे. त्यानंतर डिकीचे अस्तर बाजूला सारून छत हलवणाऱ्या कांड्यांवर आणि नळ्यांच्या जोडांवर पांढरा रुमाल फिरवावा. रुमालाला तेलाचा ओशटपणा लागला तर गळती आहे. चालत्या गाडीत छत हलवण्याची सोय असते, मिनीत ताशी ३० आणि ए-३ मध्ये ५० किलोमीटरपर्यंत. आपल्या रस्त्यांवर ती वापरू नये, पण चाचणीत एकदा पाहावी.

कापड पाहताना घडीच्या रेषांवर लक्ष द्यावे. तेथे धागे पांढरे पडले असतील, शिवणीवर सूर्याकडे धरल्यावर टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसत असेल, किंवा मागच्या काचेच्या कडेचा डिंक सुटला असेल, तर नवे कापड चढवण्याचा खर्च धरावा. काचांभोवतीची रबरी पट्टी बोटाने दाबावी. दाबून सोडल्यावर ती लगेच फुगली पाहिजे; आपल्याकडच्या उन्हात वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीची पट्टी दगडासारखी झालेली असते आणि तिला बारीक चिरा पडलेल्या असतात.

आता पाणी. कन्व्हर्टिबलच्या छतावरून उतरणारे पाणी दोन्ही बाजूंच्या पन्हाळीतून आणि पुढे लहान नळ्यांतून गाडीखाली जाते. या नळ्यांत धूळ, पाने आणि लिंबाच्या काड्या साचतात, आणि काळ्या मातीची धूळ ओली झाली की तिचा जो लगदा होतो तो वाळल्यावर सिमेंटसारखा बसतो. मग पाणी आत शिरते, गालिच्याखालच्या स्पंजात मुरते आणि तिथे असलेल्या तारा व नियंत्रक पेट्या हळूहळू सडवते.

आम्ही पुण्यात पाहिलेली दुसरी गाडी दिसायला देखणी होती. सेवा नोंदी पूर्ण होत्या, रंग चकचकीत होता आणि किंमतही आमच्या आवाक्यातली होती. दार उघडल्याबरोबर अत्तराचा वास आला आणि त्याच्या मागोमाग ओल्या गोणपाटाचा कुबट वास. विक्रेता म्हणाला, ‘एसीचं पाणी आहे, किरकोळ काम आहे.’ आमच्यासोबत लातूरहून आलेल्या मेकॅनिकने काही न बोलता पुढच्या आसनाच्या मागचा गालिचा उचलला आणि स्पंजवर तळहात दाबून धरला. हात वर घेतला तेव्हा बोटांच्या मधून मातकट पाणी गळत होते. तो म्हणाला, ‘वहिनी, एसीचं पाणी पुढं पायापाशी येतंय. आसनाच्या मागं कसं येईल?’ आम्ही चहा न घेता निघालो. हा एक प्रश्न लक्षात ठेवला तरी अर्धे काम होईल : ओल पुढे पायाशी असेल तर एसीचा संशय खरा असू शकतो, मागे असेल तर आधी छत आणि त्याच्या नळ्या पाहाव्यात.

पाण्याची चाचणी आपण स्वतः करावी. पाइप लावण्याची गरज नाही. दोन बादल्या आणि एक तांब्या पुरे. छत बंद करून आधी पुढच्या काचेच्या वरच्या कडेवर, मग दारांच्या काचांवर आणि शेवटी मागच्या पन्हाळीत संथ धार धरावी, आत एकाने कोरडा कागद घेऊन बसावे आणि दुसऱ्याने गाडीखाली पाणी दोन्ही बाजूंनी सारखे पडते का, ते पाहावे.

पुरात बुडालेल्या गाडीचा संशय याहून वेगळा असतो. चेन्नईत २०१५ साली, कोल्हापूर-सांगलीत २०१९ साली आणि आपल्या मराठवाड्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये मोठे पूर आले. पाण्यात गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या शहरांत विकायला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. वरचा भाग स्वच्छ आणि आत गुंडाळून राहणाऱ्या भागावर गाळाची रेघ, असे दिसले तर पुढे बोलणी करू नयेत.

पाचवी पायरी : यंत्र आणि सांगाडा

येथे फार वेळ घालवत नाही, कारण जुन्या गाडीचे सर्वसाधारण नियम बहुतेकांना माहीत असतात. कन्व्हर्टिबलपुरत्या दोन गोष्टी सांगते. या गाडीला वरचे छप्पर नसल्याने सारी ताकद तळात आणि दाराखालच्या पत्र्याच्या उंबऱ्यात असते. एरवी साध्या ठोकरीची डागडुजी चालून जाते. इथे उंबऱ्याला किंवा तळाला जोड दिलेला असेल तर गाडी नाकारावी. छत उघडे ठेवून आणि मग बंद करून दारे लावावीत. दोन्ही वेळा ती सारख्याच हलक्या हाताने लागली पाहिजेत आणि फट वरपासून खालपर्यंत एकसारखी दिसली पाहिजे. दुसरी गोष्ट ए-३ ची. तिच्यात कोरड्या क्लचची सात गिअरची स्वयंचलित पेटी येते आणि त्या पेटीतील मेकाट्रॉनिक हा गिअर बदलण्याचे नियंत्रण करणारा भाग खर्चिक दुरुस्तीसाठी कुप्रसिद्ध आहे. गाडी पूर्ण तापल्यावर, गर्दीच्या रस्त्यावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ती थरथरते किंवा हिसका देते का, ते किमान अर्धा तास चालवून पाहावे. नंतर स्कॅनर लावून साठलेले दोष वाचून घ्यावेत, आणि त्यात छताच्या व एअरबॅगच्या नियंत्रकांचे दोषही वाचायला सांगावे. बहुतेक जण फक्त इंजिनाचे वाचतात.

सहावी पायरी : कागद

इसार देण्याआधी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणीची तारीख, कितव्या मालकाची, विमा, पीयूसी आणि कर्जबोजा पाहावा. थकलेली ई-चलने स्वतंत्रपणे तपासावीत. आरसीवरील सतरा अक्षरांचा चॅसी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी स्वतः वाचून जुळवावा. खासगीरीत्या आयात झालेली गाडी असेल तर सीमाशुल्क भरल्याचे बिल ऑफ एंट्री मागावे. ते नसेल तर पुढे जाऊ नये. विक्रेता व्यापारी असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्याच्याकडे आरटीओचे अधिकृतता प्रमाणपत्र असायला हवे आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची नोंदही झालेली हवी.

राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर क्रमांक तोच राहतो. मालकी बदलण्याच्या नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या होतात; विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. गाडी परराज्यातील असेल तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते, महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो आणि बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ इथे ठेवायची असेल तर नवा क्रमांक घ्यावा लागतो. दिल्लीत १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे तिथल्या गाड्या स्वस्त दिसतात. हैदराबादच्या गाड्याही नांदेडकरांना जवळच्या वाटतात. दोन्ही ठिकाणी, आपल्या आरटीओत कराची आकारणी काढून घेतल्याशिवाय स्वस्त-महाग ठरवू नये. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते, हेही गाडीच्या वयाशी जोडून पाहावे.

कर्जबोजाबाबत आमची चूक सांगते. आमच्या विक्रेत्याने कर्ज फेडले होते आणि त्याची पावतीही दाखवली होती. मात्र आरसीवरचा बोजा उतरवला नव्हता; त्यासाठी नमुना ३५ लागतो. ‘नमुना ३५ आणि बँकेचे पत्र आठ दिवसांत देतो,’ या शब्दावर आम्ही पूर्ण रक्कम दिली. पत्र यायला जवळपास चार महिने लागले. तोपर्यंत गाडी आमच्या दारात आणि मालकी त्यांच्या नावावर. अपघात झाला असता तर किती ठिकाणी उत्तरे द्यावी लागली असती, या विचाराने आम्ही त्या चार महिन्यांत गाडी गल्लीबाहेर काढली नाही. बोजा उतरलेली आरसी हातात येईपर्यंत किमान चौथा हिस्सा रक्कम राखून ठेवावी आणि तसे इसार पावतीत लिहून घ्यावे.

विम्याचेही तसेच. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा. तृतीय पक्षाचे संरक्षण कायद्याने आपोआप येते. आपल्या गाडीच्या नुकसानीचे येत नाही. नो-क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो, म्हणून हप्ता त्याच्यापेक्षा अधिक येऊ शकतो. विम्यात गाडीची जी किंमत घोषित केलेली असते, तिच्यात छताच्या पूर्ण बदलाचा खर्च कितपत बसेल आणि घसारा किती कापला जाईल, हे एजंटकडून लेखी घ्यावे.

सातवी पायरी : पैसा

ए-३ कॅब्रिओले नवी असताना शोरूम किंमत ४५ लाखांच्या आसपास होती. जुनी झाल्यावर गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. दुरुस्ती त्या ४५ लाखांच्या गाडीचीच होते. यासाठी हातात असलेल्या रकमेच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतचीच गाडी शोधावी आणि उरलेले वीस टक्के पहिल्या वर्षासाठी मुदत ठेवीत टाकावेत. मुलाच्या शिक्षणाच्या किंवा आजारपणाच्या पैशाला हात लावू नये आणि जुन्या गाडीचे कर्ज पाच वर्षांवर ओढू नये.

घरी आणल्यावर

पहिल्या आठवड्यात पन्हाळीच्या नळ्या हवेच्या हलक्या दाबाने आणि मऊ वायरने साफ करून घ्याव्यात, आणि ते काम शेजारी उभे राहून शिकून घ्यावे. छत अर्ध्यात अडकले तर हाताने कसे मिटवायचे, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. आकाश भरून आले असताना ते पान शोधत बसण्यापेक्षा एकदा अंगणात करून पाहावे. उभी करायला पक्के छप्पर हवे. लिंबाखाली पाखरांची घाण आणि चीक कापडावर बसतो, मांजरे उबदार कापडावर झोपायला येतात, आणि वेरूळ-दौलताबादकडे गेलात तर माकडांपासून गाडी सांभाळावी लागते. त्या बाजूला आम्ही दोघांपैकी एक जण कायम गाडीपाशी थांबतो.

दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृग लागण्याआधी, दोन बादल्यांची चाचणी पुन्हा करावी आणि मुलाच्या आसनामागचा गालिचा उचलून तळहाताने दाबून पाहावा.